पांढरा पडलेला नीलम

१

लंकेतल्या आमच्या रत्नपुरात काही चोरीला गेलं की लोक आधी माझ्या वहीकडे धावतात आणि देवाकडे मागाहून. वही म्हणजे आमच्या रत्नगल्लीची. खडा कोणाच्या हातात गेला, वजन किती, रंग कोणता आणि ज्याच्या हातात गेला त्याचा जामीन कोण, असे चार रकाने. आजोबांनी ती सुरू केली, वडिलांनी चालवली, आता मी चालवतो. गल्लीत मला मरिक्कार नाना म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण त्याला रकाना नाही.

पौर्णिमेच्या सुट्टीनंतरची सकाळ. नदीवरचं धुकं गल्लीत शिरून बाकांवर बसलं होतं, जणू त्यालाही एखादा खडा विकायचा होता. अशात टिकिरी मेनिके हामिने, इथल्या सर्वांत मोठ्या घरच्या बाईसाहेब, स्वतः चालत आल्या. हे एवढंच नोंद करण्यासारखं. या घराण्याच्या भातखाचरांखाली निम्मं रत्नपूर खणलेलं. गल्ली त्यांच्याकडे जाते, त्या गल्लीत येत नाहीत. मागे त्यांचा मुलगा सालिय काठी टेकत, आणि त्याच्या मागे सून दमयंती, नेहमीसारखी दोन पावलं अंतर राखून.

हामिनेंनी माझ्या मेजावर एक पदक ठेवलं. दोरी कापलेली होती.

ते पदक मी लहानपणापासून ओळखतो. त्यातल्या नीलमाला या घरात नाव आहे, मानेल. तळ्यात सकाळी उमलतं त्या निळ्या कमळाचं नाव. हामिनेंच्या आजेसासऱ्यांच्या खाचरात तो सापडला तेव्हा तीन गावांचे लोक बघायला आले होते म्हणतात. लग्नात नवरीपेक्षा त्याच्याकडे जास्त बघत. मी वाकून पाहिलं. कोंदण तेच होतं. आत मात्र पावसाचं पाणी साठावं तसा एक खडा होता, स्वच्छ, रिकामा, पांढरा.

"नाना, माझा मानेल कोणीतरी नेला," हामिने म्हणाल्या. "आणि त्याच्या जागी हे ठेवलं."

गल्लीतल्या तीन म्हाताऱ्यांना बोलावलं. खडा कोंदणातून काढून तराजूत घातला. आजोबांच्या अक्षरात नोंद होती: मानेल, अकरा कॅरेट चाळीस सेंट. तराजू म्हणाला अकरा कॅरेट दोन सेंट. अडतीस सेंट कमी, म्हणजे कॅरेटच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. शिवाय खड्याचं बूड वेडंवाकडं, धुरकट घासलेलं. घाईत केलेली नक्कल, असं तिघांनी एका तोंडाने सांगितलं. वही खोटं बोलत नाही, असं मी म्हणालो, आणि थोडा फुगलोही.

त्या पदकाला शेवटचा हात लागला होता कदिरेसन पत्तराचा. दोन आठवड्यांपूर्वी त्याने कोंदणाची बंद पाठ उघडून दिली होती, आणि तेव्हापासून ते हामिनेंच्या पदराआडच होतं. एकेचाळीस वर्षं गल्लीच्या तोंडाशी फणसाखाली बसणारा सोनार. त्याच्या नावापुढे जामिनाच्या रकान्यात हामिनेंच्या यजमानांचं नाव होतं, आणि यजमान वारून चार वर्षं झाली होती. जामीन मेलेला माणूस. म्हातारे म्हणाले, शुक्रवारी दहा वाजेपर्यंत खरा खडा आण, नाही तर मरिक्कार तुझ्या नावावर रेघ मारेल.

आमच्याकडे कागद होत नाहीत. खडा तळहातावर ठेवतात आणि माणूस घरी जातो. ज्याच्या नावावर रेघ पडली, त्याच्या तळहातावर मग कोणी तांबडा गोमेदही ठेवत नाही. फणसाखाली बसून त्याने काय, पानं मोजायची?

पत्तर रडला नाही, शपथा घेतल्या नाहीत. कपाळावरची विभूती पुसली गेली होती ती सावरत एवढंच म्हणाला, "हेंड्रिक गुरुन्नान्सेंना दाखवा."

सगळे हसले. कारण हेंड्रिक आंधळा आहे.

२

साठ वर्षं चाकावर पैलू पाडले की डोळे खड्यात राहतात आणि चेहऱ्यावर नुसत्या खाचा उरतात. हेंड्रिक गुरुन्नान्से, पैलू पाडणाऱ्या सगळ्यांचे गुरू, आपल्या ओसरीवर कुंपणाच्या गोकर्णीकडे तोंड करून बसले होते, विडा कुटत. मी सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचं कुटणं चालूच होतं.

"निळा रंग हरवला आणि शोधायला आंधळा," ते शेवटी म्हणाले. "पत्तराची बुद्धी गेली, की तुमच्या सगळ्यांची?"

"तुम्हीच ठरवा."

"खडा दे."

मी पुडी सोडली. त्यांनी खडा आधी ओठाला लावला, जसे आपण तापातल्या लेकराच्या कपाळाला ओठ लावतो. थंड आहे म्हणाले, काच नाही, आपल्याच मातीतला. मग दोन बोटांत धरून फिरवत राहिले. खाली रस्त्यावरून एक बस गेली, तिचा आवाज डोंगरात विरला, तरी फिरवतच होते. एका कोपऱ्यावर अंगठा थांबला.

"हा कोपरा थोडा तिरका आहे."

"पत्तराच्या कोंदणातही तिथे तिरकं घर आहे," मी सांगितलं. "खडा अगदी गच्च बसला होता. नक्कल करणारा हुशार असणार."

"असणार." अंगठा खाली सरकला. "आणि बूड?"

"ते घाईत घासलंय."

"कोपरा केसाइतका जुळवला, आणि बुडाला घाई झाली." गुरुन्नान्से हसले, दात सगळे विड्याने लाल. "मरिक्कार, तुझ्या वहीत वजनाचा रकाना आहे, रंगाचा आहे. उंचीचा आहे का?"

नाही म्हणालो.

"मला त्या घरी ने. आधी पत्तराकडे. मी प्रत्येकाला एकच विचारणार आहे. निळा कसा होता."

मी म्हटलं, यातून चोर कसा मिळणार? ते म्हणाले, तू लिही, मी ऐकतो.

३

पत्तराचं उत्तर लगेच आलं. त्याने पन्नास वर्षं कतरगामच्या देवळात देवाचं वाहन असलेले मोर पाहिले आहेत.

"मोराच्या मानेसारखा. मान वळवली की बदलणारा." मग थोडा थांबून म्हणाला, "गुरुन्नान्से, एक गोष्ट सांगू? पाठ उघडून खडा बाहेर काढला तेव्हा मी घाबरलो. आडवा धरला तर पाणी. नुसतं पाणी. मग तोंडाकडून पाहिलं आणि निळा असा भरून आला, जसं तळं भरतं. मी पटकन बसवून टाकला. एवढ्या मोठ्या घरच्या खड्याला आडवा कशाला बघायचा. ते एखाद्या बाईला झोपेत बघण्यासारखं."

मी हे लिहून पान उलटलं. सोनार लोक भावुक असतात, असा माझा जुना अनुभव आहे.

हामिनेंनी पाठ का उघडायला लावली, ते गुरुन्नान्सेंनी विचारलं. ते गल्लीतल्या सर्वांनाच माहीत होतं. सालियला अष्टम शनी होता. गेल्या वर्षी तो खाणीच्या खड्ड्यात उतरला असताना पाणी शिरलं, आणि त्याला बाहेर ओढलं तेव्हा दोन माणसांनी त्याच्यासाठी प्रार्थनाही सुरू केली होती. वाचला, पण पाय गेल्यात जमा. ज्योतिष्याने आईला सांगितलं, वैशाखी पौर्णिमेपर्यंत मुलाच्या नावाने नीलम गळ्यात घाल. दोरी क्षणभरही उतरायची नाही, आणि खडा कातडीला लागला पाहिजे.

"मी बजावलं होतं," पत्तर म्हणाला. "हामिने, या खड्याचं पोट लांब आहे, टोक बाहेर येईल, टोचेल. कड थोडी उंच करतो. तर म्हणाल्या, टोचू दे पत्तर, शनी काय मोरपीस फिरवतो का."

निघताना पत्तराने गुरुन्नान्सेंचा हात धरला. शुक्रवारला दोन दिवस होते. तो काही मागेल असं वाटलं, पण त्याने फक्त पायरी आहे म्हणून सांगितलं.

४

हामिनेंच्या घराला दोन तोंडं आहेत. पुढचं तळ्याकडे, मागचं सालियच्या कारखान्याकडे. पुढे कमळं, मागे भट्टी. हल्ली सगळीकडे हेच. दुधासारखे गढूळ खडे, जे आमचे आजोबा रस्त्यात खडी म्हणून टाकत, ते भट्टीत घातले की निळे होऊन निघतात, आरपार, काठापासून काठापर्यंत सारखे. पोरं त्याला विज्ञान म्हणतात. मी वहीत 'तापवलेला' असं लिहितो आणि गप्प बसतो.

गल्लीतल्या जिभांनी सालियला आधीच अर्धा चोर ठरवला होता. पांढरे खडे बरणीत भरून कोण ठेवतो? सालिय. हवा तसा घाट कोणाच्या घरी मिळतो? सालियच्या. त्यालाही हे ठाऊक असावं, कारण बरणी त्याने आपण होऊन गुरुन्नान्सेंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी मूठभर खडे तांदूळ चाळावे तसे चाळले आणि बरणी परत दिली.

"मानेलचा निळा कसा होता रे?"

"खड्ड्यात पाणी भरलं ना," सालिय म्हणाला, "तेव्हा वर तोंडाशी आकाशाचा एवढासा तुकडा दिसत होता. तसा." काठीची मूठ त्याने घट्ट धरली होती. "आईला मी सांगितलं होतं, हे सगळं काढून टाक. ती ऐकते का कोणाचं."

बाजूला सुगत, कारखान्यातला पैलू पाडणारा, आपल्या चाकाशी झगडत होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, म्हणूनच तो बोलत होता. पौर्णिमेला आम्ही सगळे देवळात, कारखाना बंद, तरी माझी चकती कोणी खराब केली? बघा, हा चर. नारळ खवला की काय कोणी हिच्यावर? हिऱ्याची भुकटी काय झाडाला लागते? सालियने त्याला गप्प केलं. त्याची तक्रार वर्षभर चालू असते. मागच्या महिन्यात पंख्यावरून होती.

दमयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलली. पत्तराकडून पदक तिनेच आणलं होतं, म्हणून गल्लीचा उरलेला अर्धा संशय तिच्यावर. तिला तेही ठाऊक होतं.

"रॉकेलच्या स्टोव्हची ज्योत नीट लागली की कसा निळा दिसतो, तसा," ती म्हणाली. "चुकीचं बोलले असेन तर सोडा. आमच्या घरी असले खडे नव्हते."

"पौर्णिमेला घरी कोण होतं?"

"आई. गुडघा दुखतो म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कधी देऊळ चुकवलं नाही. आल्यावर पाहिलं, तर पांढऱ्या पोलक्याला छातीशी राखाडी चिखल. तीनदा साबण लावला, जात नाही. विचारलं, तर म्हणाल्या, चुलीची राख." तिने आवाज उतरवला. "राख अशी चिकटत नाही, गुरुन्नान्से. आणि त्या परवापासून जेवत नाहीत. सालिय जिना उतरला तरी दचकतात. माझ्यावर ओरडतसुद्धा नाहीत. मला त्याचीच भीती वाटते."

सुनेच्या तोंडून सासूची अशी तक्रार मी प्रथमच ऐकली. लिहून ठेवली.

५

हामिने तळ्याकडच्या ओसरीत बसल्या होत्या. अकरा वाजून गेले होते, ऊन वर आलं होतं, आणि तळ्यातली निळी कमळं एकेक करून मिटत होती. कोणी दिवे मालवत जावं तशी.

माझं काम बघण्याचं असल्यामुळे मी बघितलं. पोलक्याचा गळा त्यांनी पिन लावून वर ओढून घेतला होता. इतका वर, की या उकाड्यात मलाच गुदमरल्यासारखं झालं.

गुरुन्नान्सेंनी आपला प्रश्न विचारला.

त्यांनी तळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, आमच्या बौद्ध धर्मध्वजात पहिला पट्टा निळा असतो ना, तसा. भगवंतांच्या केसांतून निघालेला. मैत्रीचा रंग. सासूबाईंनी गळ्यात घातला तेव्हा म्हणाल्या होत्या, हा घातलास की कोणाचं वाईट चिंतता येणार नाही. मी हसले होते. सतरा वर्षांची होते.

"आधी उशाखाली ठेवून पाहिलात?" गुरुन्नान्सेंनी विचारलं. नीलम लाभतो की नाही ते तीन रात्रींच्या स्वप्नांवरून बघतात, हे तुम्हालाही माहीत असेल.

"पाहिला. तिन्ही रात्री हेच तळं. पहिल्या दोन रात्री फुललेलं."

"आणि तिसऱ्या?"

"मिटत होतं. ज्योतिष्याला मी तिसरी सांगितली नाही."

गुरुन्नान्से त्यांच्याकडे तोंड करून बसले होते, जणू काही दिसतंय. "हामिने, टोचत होता का?"

हामिनेंचा हात गळ्यापाशी गेला आणि अर्ध्यातून परतला. त्या उठल्या, आणि दमयंतीला पाहुण्यांना नारळाचं पाणी दे म्हणून सांगून आत गेल्या. दार लागलं.

परतताना मी म्हटलं, इतके निळे गोळा केले, एकही दुसऱ्याशी जुळत नाही. मी तर आयुष्यभर ऐकत आलो की आदमबाबा जन्नतीतून आमच्या डोंगरावर उतरले आणि रडले, त्या आसवांचे हे खडे. आसवं निळी कशी, ते कोणी सांगितलं नाही.

"सगळे जुळले," गुरुन्नान्से म्हणाले. "मोराची मान, खड्ड्यातलं आकाश, स्टोव्हची ज्योत. सगळ्यांनी तोंडाकडून पाहिलेला सांगितला. आडवा पाहिलेला एकट्या पत्तराने." चार पावलं गेल्यावर ते थांबले. "चोर सापडला, मरिक्कार. पण वहीत लिहू नकोस."

"का?"

"कारण चोरी झालेली नाही."

६

शुक्रवारी सकाळी आठला आम्ही पुन्हा त्या ओसरीत होतो. गुरुन्नान्सेंनी पत्तराला घेतलं नव्हतं, म्हाताऱ्यांनाही नाही. सालियला आणि दमयंतीला मात्र बसवून घेतलं. येताना त्यांनी आपल्या कुंपणावरचं एक गोकर्णीचं फूल चाचपून तोडलं होतं, ते कानावर खोचलेलं. दमयंतीकडून एक कल्हईचं भांडं मागितलं, पांढऱ्या पोटाचं, आणि त्यात पाणी.

फूल त्यांनी अलगद दुमडून भांड्याच्या तळाशी, बरोबर मध्यावर ठेवलं आणि वर छोटासा दगड.

"वरून बघा, हामिने. काय दिसतं?"

हामिनेंनी इच्छा नसताना पाहिलं. फुलाचा निळा कल्हईच्या भिंतींवर चढून भांडंभर झाला होता.

"निळं पाणी."

गुरुन्नान्सेंनी हात घालून दगड आणि फूल काढून घेतलं. "आता?"

पाणी पुन्हा बिनरंगी झालं होतं, खाली नुसती कल्हई.

"जुने कारागीर असंच करत," ते म्हणाले. "खड्यात निळा कुठेतरी ठिपक्याएवढा असतो, बाकी पाणी. तो ठिपका नेमका बुडाच्या टोकात येईल असा घाट पाडायचा, पोट लांब ठेवून. मग वरून बघणाऱ्याला सगळा खडा निळा. माझ्या बापाने मला पहिल्या दिवशी शिकवलं, काही झालं तरी टोकाला हात लावायचा नाही. आता भट्टीचे खडे आरपार निळे असतात, टोक घासलं तरी निळेच राहतात. सुगतला हे कोणी शिकवलंच नाही. गल्लीतले म्हातारेही विसरले. बूड घासलेलं दिसलं, तर म्हणे नक्कल."

मला माझी वही आठवली. अडतीस सेंट. मी तेवढ्यावरून एका माणसावर रेघ मारायला निघालो होतो.

"खडा तोच आहे. तिरका कोपरासुद्धा तोच. फक्त टोक गेलंय, पौर्णिमेच्या दिवशी, सुगतच्या चकतीवर. ज्याने घासलं त्याला चाक चालवता येत नव्हतं, म्हणून चकतीला चर पडला. आणि त्याने पदक गळ्यातून काढलं नाही. तसंच वाकून, पदक उलटं धरून टोक चाकाला लावलं, म्हणून चकतीवरच्या भुकटीचा चिखल पोलक्यावर उडाला."

"अम्मा," सालिय म्हणाला.

हामिनेंनी पिन काढली. गळ्याच्या खळीत मसुराएवढी जखम होती, वाळत आलेली.

"बारा दिवस," त्या म्हणाल्या. "झोपले की आत शिरायचा. श्वास घेतला की शिरायचा. दोरी काढायची नाही, मी काढली नाही. मला वाटलं एवढंसं टोक, बोथट केलं तर काय बिघडलं. चाक बंद करून मान वर केली, आरशात पाहिलं, आणि..." त्यांनी भांड्याकडे बोट दाखवलं. "शनीने नेला. मी एवढंसं सहन केलं नाही म्हणून परत घेतला. आता सालियला घेईल."

"मग खडा बदलला असं का सांगितलंत? पत्तरावर आलं ना ते." मी विचारलं. मला विचारायला नको होतं, पण रकाना रिकामा राहिला की मला झोप येत नाही.

हामिनेंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या मुलाकडे बघत होत्या.

"बदलला असेल, असं म्हणून पाहिलं. मोठ्याने म्हटलं, आणि दोरी मीच कापली. बदलला असेल तर खरा कुठेतरी निळाच असेल ना. कोणाच्या का घरात असेना. मग याला काही होणार नाही. दोनदा म्हटल्यावर मलाच खरं वाटायला लागलं."

दमयंती दोन पावलांचं अंतर सोडून पुढे आली आणि सासूच्या पायाशी बसली. एवढं अंतर ओलांडायला तिला सहा वर्षं लागली, हे मी मनात टिपलं.

"शनीने काही नेलं नाही," गुरुन्नान्से म्हणाले. "निळा सुगतच्या चिखलात गेला. आणि चिखल पाहून उपयोग नाही, हामिने. नीलम कुटला की पूड पांढरीच होते. माणसाला इतका त्रास देईल असा शनी माझ्या ऐकिवात नाही, आईने गळ्याला भोक पडू दिलं नाही म्हणून मुलाला नेणारा. असलाच, तर पांढरा नीलम शुक्राचा मानतात. शनी गेला, शुक्र आला. सालियचा पाय दमयंतीने चोळावा."

दमयंतीने पदर तोंडाशी धरला. सालिय लाल झाला. हामिने हसल्या नाहीत, पण भांड्यातलं पाणी उचलून दोन घोट प्यायल्या. पौर्णिमेनंतर त्यांनी आपण होऊन तोंडाला लावलेलं हे पहिलंच.

मी घड्याळ पाहिलं. साडेनऊ.

७

गल्लीत तीन म्हातारे बाकावर बसले होते, वही उघडी. पत्तराने हत्यारं आधीच फडक्यात बांधून ठेवली होती. दुसऱ्याने बांधायला सांगण्यापेक्षा ते बरं. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. फणसाखाली तो असा बसला होता, जसा कोणी त्याला तिथे विसरून गेलंय.

हामिने पायी आल्या. या वेळी दमयंती शेजारी चालत होती. मी आणि गुरुन्नान्से मागे. मला वाटलं, त्या म्हाताऱ्यांकडे जातील आणि काहीतरी सांगतील, थोडं खरं, थोडं घराण्याला शोभेलसं. मोठी माणसं चूक कबूल करतात तेव्हा ती नेहमी कोणाशी तरी संयुक्त असते.

त्या फणसाखाली गेल्या. पत्तर उठून उभा राहिला. हामिनेंनी पुडी सोडली आणि पांढरा खडा, कागद नाही, साक्षीदार नाही, त्याच्या तळहातावर ठेवला.

"पत्तर, टोक मीच घासलं. तुम्ही टोचेल म्हणून सांगितलं होतं." गल्लीतली चाकंसुद्धा थांबली. "हा पुन्हा बसवा."

पत्तराची बोटं मिटली नाहीत. त्याने म्हाताऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरंच होतं त्याचं. त्याच्या नावापुढे जामीन नव्हता, आणि जामीन नसलेल्याच्या हातात खडा राहू शकत नाही. नियम माझ्याच आजोबांचा.

हामिने वळल्या. "नाना, माझे यजमान ज्या रकान्यात आहेत तिथे माझं नाव घाला."

आमच्या गल्लीत बाईचं नाव त्या रकान्यात कधी गेलं नव्हतं. एक म्हातारा खाकरला. हामिनेंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याला खोकला नव्हताच असं ठरलं. मी टाक बुडवला. टिकिरी मेनिके. 

पत्तराने मूठ मिटली. मग फडक्याची गाठ सोडून एकेक हत्यार आपापल्या जागी मांडलं, घाई न करता.

"पाठ उघडी ठेवू की बंद, हामिने?"

"उघडी." त्यांनी गळ्याच्या खळीला बोट लावलं. "आता टोचत नाही."

मी पान पुढे केलं. मानेल, अकरा कॅरेट दोन सेंट. रंगाच्या रकान्यापाशी येऊन मी थांबलो. बाजूला आजोबांच्या अक्षरात निळा लिहिलेलं होतं, शाई जुनी होऊन तपकिरी पडलेली.

"काय रे, अडलास का?" गुरुन्नान्से माझ्या कानाशी म्हणाले. विड्याचा वास आला.

"रंग काय लिहू?"

"डोळे तुला आहेत. मला काय विचारतोस?"

पत्तराने खडा उजेडात धरला होता. धुक्याच्या मागून ऊन येत होतं, आणि खड्यात काही नव्हतं, फक्त त्याच्या पलीकडचे पत्तराचे काळे, चिरा पडलेले अंगठे, अगदी स्पष्ट.

मी पांढरा असं लिहिलं. आणि आजोबांच्या अक्षराला हात लावला नाही.